लायसन्स आहे, विमान नाही

ऑफिसमध्ये लोक विचारतात, "तुझा मावसभाऊ पायलट ना? पॅकेज किती रे त्याला?" आमच्या फील्डमध्ये पहिला प्रश्न पॅकेजचाच! मी सांगतो, पायलट आहे, पण एअरलाइनमध्ये नाही. समोरच्याला ते काही झेपत नाही. म्हणून म्हटलं, एकदाचं सविस्तर लिहूनच टाकावं.

तर हा अमेरिकेत फ्लाइंग शिकला. २५० तास उडवून तिथलं कमर्शियल लायसन्स घेतलं आणि परत आला. पण त्या लायसन्सवर इथली नोकरी मिळत नाही. विमान ज्या देशात नोंदलेलं, त्या देशाने पायलटचं लायसन्स दिलेलं किंवा मान्य केलेलं असावं लागतं, हे १९४४ च्या शिकागो करारापासून चालत आलंय. आपल्या विमानांवर 'व्हीटी'ने सुरू होणारी अक्षरं असतात बघा, ती भारतीय नोंदणीची. तिथे डीजीसीएचं लायसन्स हवं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, पोर्टिंग. कोड तोच, प्लॅटफॉर्म वेगळा, आणि पहिल्या फटक्यात काही कंपाइल होत नाही.

एअर रेग्युलेशन्सचा एक पेपर, नेव्हिगेशन आणि हवामानाचा मिळून दुसरा. दोन्हींत ७० टक्के हवेत. शिवाय क्लास वन मेडिकल आणि रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना. लॉगबुकातल्या तासांची तपासणी होते, अमेरिकेतलं लायसन्स खरं आहे याची तिकडून खात्री करून घेतात. हा वैतागायचा. पण २०११ मध्ये खोट्या गुणपत्रिका दाखवून लायसन्स मिळवलेले पायलट सापडले होते, हे विसरून कसं चालेल? शेवटी मागच्या सीटवर आपणच बसणार ना!

असो. लायसन्स झालं. पेढे वाटून झाले. खरी गंमत त्यानंतर.

२०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर दिली. २०२५ च्या डिसेंबरात विश्रांतीच्या नव्या नियमांना पायलट पुरेनात म्हणून इंडिगोची ढीगभर उड्डाणं रद्द झाली. मावशी बातम्या बघून म्हणाली, "एवढे पायलट कमी आहेत, मग याला का नाही घेत?"

प्रश्न बरोबर आहे. पण टंचाई मुख्यतः अनुभवी माणसांची असते. कॅप्टन व्हायला एटीपीएल लागतं, त्याला किमान १५०० तास. ते तास मिळणार एअरलाइनमध्ये, आणि एअरलाइनला आवडतो तास असलेला माणूस. 'फ्रेशर हवा, अनुभव दोन वर्षं' या आपल्याकडच्या जाहिरातींसारखंच. वर ए३२० सारख्या विमानाचं टाइप रेटिंग, तेही बऱ्याचदा स्वतःच्या खर्चाने. ऑर्डरची विमानं येतात वर्षानुवर्षं, थोडी थोडी. आणि एखादी कंपनी बसली, की तिचे अनुभवी पायलट रांगेत पुढे येऊन उभे राहतात. २०१२ मध्ये किंगफिशर, २०१९ मध्ये जेट, २०२३ मध्ये गो फर्स्ट.

बरं, थांबणंही फुकट नाही. माझी डिग्री कपाटात पडून शिळी होत नाही. त्याचं मेडिकल दरवर्षी, इन्स्ट्रुमेंट रेटिंगही दरवर्षी. बेकारी चालू ठेवायलाही पैसे लागतात म्हणा ना! काकांनी फ्लॅट गहाण ठेवून कर्ज काढलंय, त्याचा हप्ता वेगळाच. सध्या हा संध्याकाळी एका क्लासमध्ये पोरांना नेव्हिगेशन शिकवतो. परवा हळूच म्हणाला, "दादा, तुझ्या कंपनीत टेस्टिंगमध्ये काही आहे का रे?"

तुमच्यापैकी कुणी नोकरी सोडून उडायचं म्हणत असेल, तर जरूर उडा. फक्त फी भरायच्या आधी क्लास वन मेडिकल करून घ्या. आणि बजेट लायसन्सपाशी संपवू नका. कन्व्हर्जन, टाइप रेटिंग आणि निदान दोन वर्षांची वाट, हे सगळं त्यात धरा.

त्याचा रेझ्युमे मी अजून एचआरला पाठवलेला नाही. पुढच्या महिन्यात त्याचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग रिन्यू करायचंय. निम्मे पैसे मी भरतोय. काकांना एवढ्यात कळू द्यायचं नाही, असं आमचं ठरलंय.