पसरणी घाट आणि मामांचा दुसरा गिअर

दिवाळीच्या सुट्टीत आजोळी जायचं म्हणजे आमच्यासाठी वाई, आणि वाई म्हणजे मोठे मामा. कृष्णेचा घाट होता, ढोल्या गणपती होता, मेणवलीला चालत जाणं होतं. पण आम्हा भाच्यांचं दैवत खाकी कपड्यांत डेपोत असायचं. मामा एसटीत ड्रायव्हर होते. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. त्यांना वाई-महाबळेश्वरची ड्युटी लागली की आजीमागे भुणभुण लावून आमच्यातला कुणी ना कुणी त्या गाडीत चढायचाच. तिकीट रीतसर, अर्धं. त्यात मामांनी कधी सवलत घेतली नाही.

ड्रायव्हरच्या पाठीमागच्या दांडीला चिकटून उभं राहिलं की सगळं दिसायचं. डावीकडे इंजिनचं झाकण, त्यावर कुणाची तरी पिशवी, झाकणाच्या फटीतून येणारी गरम डिझेलची हवा, आणि त्याच्या मागून वर आलेला गिअरचा लांब दांडा. गाडी उभी असली तरी तो थरथरत असायचा. त्याचा गोळा इतक्या तळव्यांनी इतकी वर्षं धरलेला की त्यावरचे गिअरचे आकडे पुसून गेले होते. मामांना ते लागत नव्हतेच.

शाहीर साबळ्यांचं पसरणी मागे पडलं की घाट सुरू. वाई ते पाचगणी अंतर बारा-तेरा किलोमीटरचं, पण तेवढ्यात रस्ता जवळपास पावणेसहाशे मीटर वर चढतो. पहिल्या मोठ्या वळणाला गाडीचा आवाज जड व्हायचा आणि मामांच्या पायांचं काम सुरू व्हायचं. डावा पाय क्लचवर, दांडा न्यूट्रलला, पाय वर. उजव्या पायानं एक छोटीशी रेस. इंजिन हुंकार द्यायचं. पुन्हा डावा पाय खाली, दांडा मागे, आणि दुसरा गिअर खर्र न करता अलगद बसायचा. हे सगळं श्वास घेऊन सोडेपर्यंत. आम्हाला तेव्हा एवढंच कळायचं, की मामा क्लच दोनदा दाबतात आणि दुसरे काही ड्रायव्हर एकदाच दाबतात, आणि त्या दुसऱ्यांच्या गाडीत गिअर पडताना अख्ख्या गाडीला धक्का बसतो.

त्याला डबल क्लच म्हणतात हे नंतर कळलं. त्या काळच्या जड गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये आजच्यासारखी वेग आपोआप जुळवून घेणारी कडी सगळ्या गिअरना नसायची. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यायचं तर गिअरबॉक्समधला इंजिनाकडचा शाफ्ट आधीपेक्षा जोरात फिरायला हवा. तो तसा फिरवायचा ड्रायव्हरनं, न्यूट्रलमध्ये क्लच सोडून आणि रेस देऊन. वेग जुळला की दात दातात बसतात. मग क्लच सोडला तरी प्लेटच्या दोन्ही बाजू एकाच वेगानं फिरत असतात, कुणी कुणाला घासत नाही. मामांच्या त्या एका हुंकारात गिअरचे दात वाचत होते आणि क्लचप्लेटही.

क्लचचं मर्म तेच आहे. पाय पूर्ण वर असेल तर प्लेट दाबून धरलेली असते, झिजत नाही. पाय पूर्ण खाली असेल तर प्लेट सुटलेली असते. तेव्हाही ती झिजत नाही, फक्त रिलीज बेअरिंगवर ताण येतो. झीज होते ती मधल्या जागेत. म्हणून पुढचा ट्रक चढावर रखडला की मामा गाडी क्लचवर तोलून धरत नसत. हँडब्रेक ओढायचे, दांडा न्यूट्रलला, डावा पाय क्लचवरून काढून सपाट खाली. पुढचा हलला की पहिला गिअर, क्लच पकडतोय हे गाडीच्या नाकानं कळलं की हँडब्रेक सोडायचा. गाडी इंचभरही मागे जायची नाही. शेजारून कुणी अर्ध्या क्लचवर ताटकळत असला की जळका, तिखट वास नाकात शिरायचा. मामा मान न वळवता म्हणायचे, “प्लेट रडाय लागली बघ त्याची.”

उभी गाडी ते नेहमी पहिल्यावरच उचलायचे. रिकामी असली, सपाटीवर असली, तरीही. दुसऱ्यावर उचलणारे पुष्कळ होते. तेवढाच एक गिअर वाचला, अशी समजूत. याचा हिशेब मी पुढे कॉलेजात मांडून पाहिला तेव्हा मामांविषयीचा आदर दुणावला. इंजिन एका वेगानं फिरत ठेवून सपाटीवरची उभी गाडी क्लचनं ओढली, तर पकड पूर्ण बसेपर्यंत गाडीला जितकी गतिज ऊर्जा मिळते, तितकीच उष्णता क्लचमध्ये होते. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमधला फरक पावणेदोन पट धरला तर दुसऱ्यावर उचलताना ही उष्णता सुमारे तिप्पट होते, कारण वेगाचा वर्ग होतो. चढावर तर त्याहूनही जास्त. मामा सातवी पास होते. वर्ग-बिर्ग त्यांनी कधी मांडला नाही. “गाडी जड वाटती रं पायाला,” इतकंच त्यांचं कारण, आणि ते अगदी बरोबर होतं.

पण मामांची खरी शर्थ उतारावर असायची. महाबळेश्वरहून परतताना पाचगणी ओलांडली, खाली धोम धरणाचं पाणी दिसायला लागलं की उतार सुरू होण्याच्या आधीच ते गाडी दुसऱ्यावर घ्यायचे. ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम. गाडी ‘घूंऽऽ’ असा एकसुरी आवाज करत, इंजिनाच्या ओढीवर उतरायची. ब्रेकवर पाय यायचा तो वळणाच्या आधी, ठाम, आणि लगेच वर. सतत अलगद टेकवलेला पाय त्यांना खपत नसे.

साधारण दहा टनांची भरलेली गाडी पावणेसहाशे मीटर उतरते तेव्हा तिच्यातून जी ऊर्जा बाहेर पडते, तिनं दीडशे लिटरहून जास्त गार पाणी उकळेल. ही उष्णता कुठे तरी जायलाच हवी. सगळी ब्रेकवर टाकली तर चाकातला ब्रेकचा ड्रम तापून फुगतो, आतून त्याला घासणाऱ्या लायनरपासून लांब जातो, पेडल खोल जायला लागतं. लायनरमधला डिंक तापून त्याचा वायू होतो आणि पकड सुटते. पाय पूर्ण दाबलेला आणि गाडी थांबत नाही, हे संकट असं येतं. इंजिनावर टाकली तर ती रेडिएटरमधून आणि धुराड्यातून वाऱ्यावर जाते, कुणाचं काही बिघडत नाही. एक बारकावा सांगायला हवा. डिझेल इंजिनाची ही ओढ पेट्रोल इंजिनापेक्षा कमी असते. पेट्रोल इंजिनात हवेची वाट बंद होते आणि पिस्टनला पोकळीविरुद्ध झगडावं लागतं. डिझेलमध्ये हवा मोकळी येते, दाबली जाते आणि स्प्रिंगसारखी बरीचशी परत ढकलते. म्हणून तर जड गाड्यांना धुराची वाट अडवणारा एक्झॉस्ट ब्रेक आला, आणि म्हणूनच खालचा गिअर आधीच घेणं महत्त्वाचं.

न्यूट्रलमध्ये गाडी सोडून डिझेल वाचवणाऱ्यांचा मामांना मनापासून राग यायचा. त्या वाचवण्यात तथ्यही नव्हतं. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पंपाचा गव्हर्नर डिझेल तोडतोच; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं थोडं डिझेल जातच राहतं. शिवाय पन्नास माणसं मागे बसलेली. हे बोलताना मामांचा आवाज चढायचा. एरवी तो कधी चढलेला मी ऐकला नाही.

मला सगळ्यात जास्त आठवते ती लक्ष्मीपूजनाच्या रात्रीची ओसरीवरची बैठक. मामांच्या डेपोतली तरणी पोरं फराळाला यायची. चकल्यांचं ताट फिरत असताना विषय गाड्यांचाच. एक जण मोठ्या अभिमानानं म्हणाला, “मी तर सपाटीवरपण ब्रेक मारत नाही दादा. स्टॉप आला की थर्ड, सेकंड, गिअरवरच गाडी आणतो. लायनर टिकत्यात.” त्याला वाटलं शाबासकी मिळेल. मामांनी चकली खाली ठेवली.

“लायनर टिकत्यात, पर प्लेट खाल्लीस की तू. आरं, लायनर बदलायला चाक खोलायचं न् ड्रम काढायचा, झालं. प्लेट बदलायला गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतोय. गाडी दिसभर डेपोत उभी. घाटात ब्रेकला जपायचं, कारण तिथं ब्रेकवर जीव हाय. सपाटीवर ब्रेक झिजू दे. त्यो झिजायसाठीच केलाय.”

माझ्या मते गाडी चालवण्याविषयी याहून शहाणं काही बोललं गेलेलं नाही. ब्रेक वाचवावा की क्लच, या वादाला एक उत्तरच नाही. रस्ता बघून ठरवावं लागतं की उष्णता कुठे सोडायची. डबल क्लच नीट जमत असेल तर सपाटीवरही गिअर उतरवायला हरकत नाही. पण वेग न जुळवता नुसता क्लच सोडून गाडी आवरणं म्हणजे ब्रेकचं काम प्लेटवर लादणं. घाटातसुद्धा मामांचा गिअर उतार लागण्याआधी पडायचा तो याचसाठी. वेग चढल्यावर इंजिनाला ओढायला लावलं तर तिथेही प्लेटच भाजते.

लायनरवरून एक गोष्ट आठवते आणि मन खट्टू होतं. त्या काळी लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास असायचं. गॅरेजोगॅरेजी ड्रम खोलला की हवेच्या पाइपनं ती करडी धूळ उडवून द्यायचे, तोंडाला रुमालही नसायचा. तिचे धागे फुप्फुसाला किती घातक आहेत हे त्या माणसांना कुणी सांगितलं नाही. ती माणसं आठवली की वाटतं, ब्रेकची झीज फक्त गाडीच्या खर्चात मोजायची नव्हती.

मामा निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948ला पुण्याहून अहमदनगरला गेली. त्याच तारखेला, त्याच मार्गावर, 2022मध्ये विजेवरची ‘शिवाई’ सुटली. गेल्या दिवाळीला वाईला गेलो तेव्हा मामांना त्या गाडीबद्दल सगळं ऐकायचं होतं. क्लच नाही, गिअरचा दांडा नाही, हे त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, “उताराला तिला धरतंय कोण?”

मी सांगितलं, की उतारावर तिची मोटरच डायनामो होते, चाकांना मागे ओढते, आणि ती वीज परत बॅटरीत भरते. मामांचे डोळे लकाकले. एवढी वर्षं इंजिनातून आणि ड्रममधून वाऱ्यावर सोडलेला घाट आता साठवता येतो, हे त्यांना फार आवडलं. थोडा वेळ ते बोटांनी खुर्चीच्या हातावर काहीतरी जुळवत बसले.

“आन् बॅटरी आधीच फुल्ल आसली तर?”

प्रश्न बिनतोड होता. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज मावत नाही, तेव्हा मोटरची ओढ कमी होते आणि भार पुन्हा ब्रेकवर येतो. मी तसं सांगितलं.

“मग वर पाचगणीला कधी पुरती भरू नका म्हणावं त्यास्नी,” मामा म्हणाले, “उतारापुरती जागा ठेवा,” आणि मामींना चहा टाकायला सांगून त्यांनी मला विचारायला सुरुवात केली, की मोटरची ही ओढ कमी-जास्त करायला ड्रायव्हरच्या हाताशी काय दिलंय.