पोर्शनबाहेरचे दोन तास

तिसरी-चौथीत येऊनही ज्यांना वाचता येत नाही, अशा मुलांची यादी वर्गाच्या बाईंनी करायची आणि ती मुलं रोज दोन तास माझ्याकडे यायची, एवढंच काम मला सांगितलं होतं. साल २००२. मी बारावी झालेली, कुर्ल्यातच वाढलेली आणि ‘प्रथम’ संस्थेची बालसखी म्हणून महापालिकेच्या एका मराठी शाळेत नुकतीच लागलेली. प्रशिक्षण दोन आठवड्यांचं, मानधन हजाराच्या आत. सकाळच्या सत्रात पंधरा-वीस मुलांचा एक गट, दुपारच्या सत्रात दुसरा. शाळेत रिकामी खोली नव्हतीच. वऱ्हांड्याच्या टोकाला जिन्याखाली सतरंजी अंथरायची, तोच आमचा वर्ग. पावसाची झड आत आली की सगळ्यांनी भिंतीकडे सरकायचं.

पहिल्या आठवड्यात शिकवायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं. एका कागदावर सुटी अक्षरं, साधे शब्द, चार ओळींचा उतारा आणि एक छोटी गोष्ट. मूल कुठपर्यंत येतं आणि कुठे अडतं, ते लिहून ठेवायचं. चौथीतल्या एका मुलीची वही मोत्यासारख्या अक्षरांनी भरलेली होती. फळ्यावरचं सगळं काना-मात्रेसकट उतरवलेलं, एक चूक नाही. मी कागदावरचा ‘म’ दाखवून विचारलं, हे काय? ती गप्प. ‘क’? गप्पच. चार वर्षं ती अक्षरांची चित्रं काढत आली होती. वही तपासली जायची, बरोबरची खूण पडायची आणि ती वरच्या वर्गात जायची.

दुसरा एक मुलगा गणितात शून्य म्हणून यादीत आला होता. पन्नासातून अठरा वजा कर म्हटलं की तो शून्यातून आठ कसे जातील या कोड्यात अडकायचा, मग उलटं वजा करून अठ्ठेचाळीस लिहून मोकळा व्हायचा. त्याच्या बापाची स्टेशनबाहेर भाजीची गाडी होती. एका संध्याकाळी मी तिथे अठरा रुपयांची भाजी घेऊन पन्नासाची नोट दिली. पठ्ठ्यानं माझ्याकडे न बघता दोन रुपये हातावर ठेवले, मग दहाच्या तीन नोटा. “बत्तीस, ताई.” दुसऱ्या दिवशी सतरंजीवर मी खेळातल्या नोटा आणि काड्यांचे गठ्ठे मांडले. एक गठ्ठा सोडला की दहा सुट्या काड्या होतात, हे त्यानंच बाकीच्यांना दाखवलं. कागदावरचा हातचा त्याला कळायला तरीही बरेच दिवस लागले. गाडीवरचा हिशेब आणि वहीतला हिशेब यांची ओळख आपोआप होत नाही, कुणीतरी करून द्यावी लागते.

वाचनाचं आमचं साहित्य म्हणजे एक बाराखडीचा तक्ता, खडू आणि गोष्टींची पातळ पुस्तकं. रोज तक्ता मोठ्यानं वाचायचा, आडवा आणि उभा. जमिनीवर अक्षरं लिहून त्यांवर उड्या मारायच्या. आधी गोष्ट ऐकायची, तिच्यावर गप्पा मारायच्या, मग त्याच ओळींवर बोट फिरवायचं. शेवटी मनातलं लिहायचं, चुकलं तरी चालेल. त्या सुंदर वहीवाल्या मुलीनं पहिल्यांदा स्वतःचं म्हणून जे लिहिलं ते होतं, ‘नळाला पानी नाय.’ अक्षर वेडंवाकडं, कारण या वेळी उतरवायला समोर काहीच नव्हतं. मी ‘पानी’ तसंच राहू दिलं. शुद्धलेखनाला पुढे वेळ होता.

वर्गाच्या बाई एकदा मधल्या सुट्टीत वऱ्हांड्यात येऊन उभ्या राहिल्या. “तू असं काय करतेस गं, जे मला जमत नाही?” प्रश्नात टोमणा नव्हता. त्या डी.एड. झालेल्या, वीसेक वर्षं शिकवलेल्या, मनापासून शिकवणाऱ्या होत्या. माझ्याकडे त्यांच्याहून जास्त असं एकच होतं. मला कुणी पोर्शन विचारत नव्हतं. त्यांना दिवाळीपर्यंत अमुक धडे संपवायचे होते आणि पन्नासच्या वर मुलांपैकी जी धड्याच्या वेगानं चालायची, त्यांच्याशीच त्यांचं बोलणं व्हायचं. बाकीची शांत बसून फळा उतरवत होती. मी मात्र चौथीच्या मुलीला तीन आठवडे ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत फिरवू शकत होते आणि त्याबद्दल मला कुणी बोलणार नव्हतं.

त्याच काळात, २००१ ते २००३, मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत अभिजीत बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी बालसखीच्या कामाचं मोजमाप केलं. त्यांचा निबंध २००७ साली आला. माझ्या हाती तो लागला फार उशिरा, २०१९मध्ये बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह नोबेल मिळाल्यावर. बालसखी असलेल्या शाळांतल्या मुलांचे गुण वाढले होते आणि सर्वांत मागे असलेल्यांना जास्त फायदा झाला होता, हे वाचून बरं वाटलं, पण नवल नाही वाटलं. दुसऱ्या निष्कर्षापाशी मी थबकले. पंधरा-वीस मुलं बाहेर गेल्यामुळे वर्गात जी उरली, त्यांच्यात काही फरक पडलेला दिसला नाही. पट कमी झाला, पण शिकवण्याची पद्धत तीच राहिली. बाई का अडकल्या होत्या, ते मला त्या ओळीनं जास्त कळलं.

तोपर्यंत मी स्वतः बाई झाले होते. डी.एड. करून रायगड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत लागले आणि पोर्शन माझ्याही मानेवर बसला. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातलं चोविसावं कलम सांगतं की शिक्षकानं प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखावी आणि गरज असेल तिथे जादा शिकवावं. कायदा चांगला आहे. पण आपल्याकडे जादा तास म्हटला की डोळ्यांपुढे शिष्यवृत्तीचा वर्ग येतो. शाळा भरण्याआधी, सुटल्यावर, दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा हुशार मुलांना घेऊन बसणारे गुरुजी गावोगाव आहेत, त्यांचे सत्कार होतात. ‘क’ न येणाऱ्या मुलासाठी सुट्टीत शाळा उघडली तर गावाला ती शिक्षा वाटते. मुलालाही वाटते. कुर्ल्यात आमच्या सतरंजीला काही पोरं ‘ढ वर्ग’ म्हणायचीच.

शाळा सुटल्यावरच्या तासाला आणखी एक अडचण असते. तो सगळ्यांत आधी मरतो. पोषण आहाराची नोंद, वरून मागवलेली ऑनलाइन माहिती, मतदार यादीचं काम, यांतलं काहीही आलं की पहिला बळी त्याचाच. म्हणून आम्ही दोघांनी, मी आणि शाळेतल्या सरांनी, तो शाळेच्या वेळेतच आणला. परिपाठ झाला की पहिला तास तिसरी, चौथी आणि पाचवीचा एकत्र. त्या तासापुरत्या इयत्ता नाहीत. अक्षरांवर अडलेले सरांकडे, शब्द-उताऱ्यावरचे माझ्याकडे, गोष्ट वाचणारे ओसरीवर आपापली पुस्तकं घेऊन. सगळेच उठून कुठेतरी जातात, त्यामुळे ‘ढ’ कुणाला म्हणायचं हा प्रश्न राहत नाही. हरियाणात २०१२-१३ साली सरकारी शाळांनी असाच रोजचा तास राखून मुलांना पातळीप्रमाणे बसवलं, तेव्हा नेहमीच्याच शिक्षकांकडून मुलं वाचायला शिकली. शिक्षक बदलावे लागले नाहीत, वेळापत्रक बदलावं लागलं.

कोरोनानंतर या तासाची गरज कुणाला पटवून द्यावी लागली नाही. २०२१ला राज्यानं पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यास आणला, त्याच वर्षी केंद्राचं ‘निपुण भारत’ आलं. शाळा पुन्हा भरल्या तेव्हा वऱ्हांड्यातल्या माझ्या पंधरा-वीस मुलांच्या जागी इयत्ताच्या इयत्ता उभ्या होत्या.

अलीकडे एक आई भांडायला आली. “बाई, माझ्या पोराला खालच्या गटात घालू नका, भावकीत नाव जातं.” मी तिच्यासमोर त्याला उतारा वाचायला दिला. दोन शब्द वाचून तो थांबला. मग मी वही काढून, जूनमध्ये कोण कुठे होतं आणि आता कुठे आहे, ते तिला दाखवलं. जूनमध्ये त्याच्याच गटात असलेली तिच्या जावेची मुलगी आता ओसरीवर होती. आई म्हणाली, “मग ह्याला कधी काढाल?” हा प्रश्न मला आवडला.

केंद्रप्रमुख भेटीला आले की विचारतात, जादा तासाला किती मुलं आहेत. रकान्यात आकडा मोठा दिसला की काम मोठं वाटतं. माझ्या वहीत त्या रकान्याशेजारी मी एक रकाना वाढवला आहे: गटातून वर गेलेली मुलं. छापील तक्त्यात तो नाही. साहेबांना मी आधी तोच दाखवते, कारण पहिला आकडा वर्षभर तसाच राहिला तर त्या तासात आम्हीही नुसता पोर्शनच उरकत होतो, असा त्याचा अर्थ होतो.