नान, बटर चिकन आणि मुक्कामाचा परवाना

जपानमध्ये कंपनी काढायला एक येन पुरतो. २००६ साली नवा कंपनी कायदा लागू झाला तेव्हा किमान भांडवलाची अट गेली, आणि कंपनी काढणारा जपानीच असावा असे तर त्या कायद्यात कुठेच नाही. नोंदणीचा कर तेवढा भांडवलापेक्षा भारी पडतो. काबुशिकी काइशा, म्हणजे भागभांडवली कंपनी, काढायची तर किमान १,५०,००० येन. गोदो काइशा हा सुटसुटीत प्रकार हवा असेल तर ६०,०००. एवढे भरले की कंपनी जन्माला येते. तिच्या मालकाला जपानात राहून ती चालवता येईल की नाही, हे ठरवणारे खाते निराळे आहे, आणि परदेशी माणसाचा जीव त्या दुसऱ्या खात्यात अडकलेला असतो.

ते खाते इमिग्रेशनचे. धंदा करू पाहणाऱ्या परदेशी माणसाला ते ‘व्यवसाय-व्यवस्थापन’ या सदराखाली मुक्कामाचा परवाना देते. पूर्वी त्यासाठी ५० लाख येनचे भांडवल किंवा दोन पूर्णवेळ नोकर दाखवावे लागत. १६ ऑक्टोबर २०२५ पासून भांडवलाची अट एकदम ३ कोटी येनवर गेली. रुपयांत दीड कोटीच्या पुढे. शिवाय जपानी, किंवा जपानात कायम वास्तव्याचा हक्क वा तत्सम दर्जा असलेला, एक तरी पूर्णवेळ नोकर हवा. स्वतः मालकाला नाहीतर एखाद्या पूर्णवेळ नोकराला चांगल्यापैकी जपानी यायला हवे. मालकाच्या गाठीशी व्यवस्थापनाचा तीन वर्षांचा अनुभव किंवा वरच्या पातळीची पदवी हवी, आणि धंद्याचा आराखडा सनदी लेखापालासारख्या जाणत्याने तपासलेला हवा. राहत्या घरातच कचेरी थाटणेही आता साधारणपणे चालत नाही.

अटी कमी पडतील म्हणून की काय, त्या एकमेकींच्या पायांत पाय घालतात. भांडवल बँकेत जमा झाल्याचा पुरावा हवा. जपानात पत्ता नसलेल्या माणसाचे खाते बँक सहसा उघडत नाही. पत्ता परवान्याशिवाय मिळत नाही. आणि परवान्यासाठी कंपनी आधी उभी लागते. हा गुंता सोडवण्यासाठी २०१५ पासून तयारीपुरता चार महिन्यांचा परवानाही देतात, पण प्रत्यक्षात बहुतेकांचे काम आधीपासून तिथे असलेल्या एखाद्या नातेवाइकाच्या खात्यावरच भागते. दुकानाचा गाळा भाड्याने घेताना कित्येक महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत ठेवावी लागते आणि हमीदार लागतो. म्हणून परदेशी माणूस शक्यतो बंद पडलेले हॉटेल आतल्या सामानासकट घेतो. या व्यवहाराला तिथे ‘इनुकी’ म्हणतात. एकाचे दिवाळे दुसऱ्याला स्वस्तात पडते. मग आरोग्य केंद्राची तपासणी. २०२१ पासून हात धुण्याचा नळसुद्धा असा लागतो, की धुतलेल्या हाताने तोटी पुन्हा धरावी लागू नये. कोपराने बंद होईल, नाहीतर आपोआप.

आचारी आणायचा तर त्याला वेगळा परवाना. परदेशी पाककृतीत दहा वर्षांचा अनुभव आहे, असे कागदावर सिद्ध करावे लागते. थाई आचाऱ्याला मात्र करारामुळे पाच वर्षे पुरतात. या परवान्यावर आलेल्या माणसाने स्वयंपाकच करायचा. त्याला वाढपी म्हणून राबवले तर मालक अडचणीत येतो. म्हणून वाढायला आणि गल्ल्यावर विद्यार्थी किंवा आचाऱ्यांच्या बायका असतात, ज्यांना आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करण्याची मुभा मिळू शकते.

हे नियम वाचून कंटाळा येतो. जपानमध्ये ते ताटात वाढलेले दिसतात आणि तिथे मात्र कंटाळा येत नाही, चीड येते. क्योतोची देवळे, नाराची हरणे आणि ढगांआड बसून राहिलेला फुजी यांच्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. प्रस्तुत लेखकाच्या प्रवासात लिहिण्याजोगे जे घडले ते टोकियोच्या चुओ लाइनवरच्या एका उपनगरात, स्टेशनाबाहेरच्या गल्लीत, दुपारच्या जेवणाला.

दारावर भारताचा आणि नेपाळचा असे दोन झेंडे. आत गणपती, बुद्ध, हिमालयाचा फोटो आणि आवाज बंद केलेल्या टीव्हीवर हिंदी गाणी. मेनू कार्डावर प्रत्येक पदार्थाचे छायाचित्र, आणि हेच छायाचित्र आदल्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या दुसऱ्या हॉटेलात पाहिलेले. जपानभर अशी हजारो हॉटेले आहेत. बहुतेकांचे मालक नेपाळी, आणि नेपाळी म्हटले तरी त्यांतले पुष्कळजण एकट्या बागलुङ जिल्ह्यातले. आधी एकजण आचारी म्हणून आला, त्याने भावाला आणले, भावाने मेहुण्याला. मग एकेकाने स्वतःचे दुकान काढले आणि आचारी म्हणून पुन्हा गावचाच माणूस बोलावला.

ताट आले. आधी कोबीच्या किसावर नारिंगी रंगाचे गोडसर ड्रेसिंग, हेही सगळीकडे तेच. मग वाटीत बटर चिकन आणि तिच्यावर आडवा, ताटाच्या दोन्ही कडांवरून खाली लोंबणारा, उशीच्या अभ्र्याएवढा नान. नान गोड होता. किंचित गोड नव्हे. चहाबरोबर खपून जाईल इतका. प्रस्तुत लेखक नानाच्या बाबतीत आधीच कलुषित आहे. महाराष्ट्रात नान हा लग्नाच्या बुफेत रांगेत उभे राहून घ्यायचा आणि गार झाल्यावर चावत बसायचा पदार्थ. घरी तो कुणी करत नाही. त्यात तो गोड, बटर चिकनही गोड, आणि सर्वांत तिखट म्हणून मागवलेली ‘पाच नंबर’ची रस्साभाजीसुद्धा तिखटाच्या खालून गोड लागावी, हे सहन होण्यापलीकडचे होते. शेजारच्या टेबलावरच्या दोन जपानी आजीबाई दुसरा नान मागवत होत्या. तो फुकट मिळतो.

गल्ल्याशी उभ्या मालकाला हिंदीत विचारले, “भाईसाहेब, हा नान कुठला? आमच्याकडे कुठे असा खाल्ला नाही.”

तो मोकळेपणाने हसला. “दाइ, आमच्याकडेही नाही.”

नेपाळीत दाइ म्हणजे थोरला भाऊ. वयाचा मान राखून माणूस जवळचा करायची ही रीत. मालक चाळिशीतला, बागलुङचाच. त्याने जे सांगितले ते तुकड्यातुकड्यांत, मधेच पैसे घेत, मधेच स्वयंपाकघरात ओरडून. आधी कित्येक वर्षे तो दुसऱ्याच्या तंदूरवर राबला. येण्यासाठी दलालाला दिलेले कर्ज फेडता फेडताच पहिली काही वर्षे गेली. मग गावच्या लोकांकडून आणि मेहुण्याकडून गोळा करून ५० लाख येन उभे केले आणि बंद पडलेले एक रामेनचे दुकान सामानासकट घेतले.

“सुरुवातीला मी नानात साखर कमी घातली,” तो म्हणाला. “हाडाचं मटण ठेवलं. दाल-भात ठेवला. लोक यायचे, फोटो बघायचे आणि विचारायचे, बटर चिकन नाही का?”

पहिल्या वर्षी तोटा झाला. आपल्याकडे हॉटेलवाल्याला तोटा झाला तर तो उधारी वाढवतो, भागीदार बदलतो, फार तर हॉटेल बदलतो. इथे परवाना होता एका वर्षाचा. नूतनीकरणाला हिशेबाच्या वह्या दाखवायच्या. सलग तोटा असेल आणि देणे मालमत्तेहून जास्त झाले असेल, तर धंदा टिकणार कसा ते पटवून द्यावे लागते. नाही पटले तर मालक, बायको आणि शाळेत जाणारी मुले, सगळ्यांचाच मुक्काम संपतो. कर-सल्लागाराने त्याला एवढेच सांगितले, की पुढच्या वर्षी नफा दिसू दे. मग तो मेहुण्याच्या दुकानात जाऊन बसला, मेनू उतरवून घेतला, त्याच छापखान्यातून तीच छायाचित्रे छापून आणली आणि नानात साखर वाढवली. नफा दिसला.

“चव नंतर बदलू, आधी परवाना तीन वर्षांचा मिळू दे, असं ठरवलं होतं,” तो म्हणाला. “तीन वर्षांचा मिळालाही. पण तोवर गिऱ्हाइकाला हीच चव लागली.”

तंदूरचेही तसेच. आचाऱ्याला परवाना मिळतो तो जपानी माणसाला न येणाऱ्या खास कौशल्यासाठी. दाल-भात कुणालाही शिकता येईल. पण तापल्या भट्टीच्या भिंतीवर हात घालून नान थापणे हे अधिकाऱ्यालाही एका नजरेत पटणारे कौशल्य आहे. म्हणून दुकान केवढेही लहान असो, तंदूर असतोच, आणि तंदूर आहे म्हणजे नान आला. बोलणे चालू असतानाच वाढणाऱ्या विद्यार्थिनीने ॲप्रन सोडला आणि पिशवी उचलली. आठवड्याचे तिचे तास भरत आले होते. उरलेली दोन टेबले मालकाने स्वतः पुसली.

अडीचला दार बंद झाले. संध्याकाळी पाचपर्यंत हॉटेल बंद. मालकाने “बसा, दाइ” म्हणून स्टीलचे ताट पुढे ठेवले. भात, पातळ काळी डाळ, गुंद्रुकची, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याची, आंबट भाजी, मुळ्याचे लोणचे आणि एक कच्ची हिरवी मिरची. वरण-भातावर वाढलेल्या माणसाने या ताटाचे निःपक्षपाती वर्णन करावे ही अपेक्षा चुकीची आहे. जपानमधल्या त्या सगळ्या मुक्कामात, सुशी धरूनसुद्धा, इतके चांगले काही मिळाले नाही. त्याचे पैसे घ्यायला मालक तयार होईना. तो पदार्थ मेनूवर नव्हता, त्यामुळे गल्ल्याच्या यंत्रावर त्याला बटणच नव्हते.

जपानमध्ये भारतीय जेवणाचा धंदा असा सुरू झालेला नाही. क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ साली ब्रिटिशांना चुकवून जपानात पोचले. हद्दपारीचा हुकूम निघाल्यावर शिंजुकूच्या नाकामुराया बेकरीचे मालक असलेल्या सोमा दांपत्याने त्यांना लपवले. १९१८ साली सोमांची मुलगी तोशिको हिच्याशी बोसांचे लग्न झाले आणि १९२३ साली ते जपानी नागरिक झाले. दोनच वर्षांनी तोशिको वारली. १९२७ साली नाकामुरायाने खानावळ सुरू केली तेव्हा बोसांनी तिथे हाडासकट कोंबडीची भारतीय करी ठेवायला लावली. ब्रिटिशांच्या हातून जपानात आलेली, पीठ लावून घट्ट केलेली करी त्यांना मान्य नव्हती. त्यांची करी बाजारातल्या करीच्या कितीतरी पट महाग होती, तरी चालली आणि आजही मिळते. गिंझामधले नायर हे दुसरे जुने हॉटेल. क्योतोत इंजिनिअरिंग शिकायला आलेले केरळचे स्वातंत्र्यसैनिक ए. एम. नायर यांनी ते १९४९ साली काढले. तिथला वाढपी आजही गिऱ्हाइकाला बजावतो, की कोंबडी, भाजी आणि भात नीट कालवूनच खा.

बोस तडजोड का करत नव्हते, याचे उत्तर त्यांच्या स्वाभिमानात शोधण्याची मराठी वाचकाला सवय आहे. स्वाभिमान होताच, पण दुकान सासऱ्याचे होते आणि खिशात नागरिकत्व होते, हेही होते. निशी-कासाई या टोकियोच्या भारतीय वस्तीत तेच पुन्हा दिसते. आयटीतली माणसे २००० सालच्या आसपास तिथे मोठ्या संख्येने आली. योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ त्याच वस्तीतले. ते जपानी नागरिक झाले, २०१९ साली एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आले, आणि घरगुती भारतीय जेवणाचे हॉटेलही त्यांनी तिथे चालवले. घरची चव विकायला काढायची हिंमत, निदान जपानात तरी, कागद पक्के झाल्यावर येते.

चुओ लाइनवरच्या त्या मालकाचे कागद पक्के नाहीत. जुन्या परवानाधारकांना १६ ऑक्टोबर २०२८ पर्यंत सवलत आहे. तोवर धंद्याची स्थिती आणि नव्या अटी पुऱ्या होण्याची शक्यता पाहून नूतनीकरण करतात. पण नव्या अटी पुऱ्या केल्याशिवाय या परवान्यावरून कायम वास्तव्याचा हक्क मिळणार नाही, आणि हजार येनच्या आसपासचे जेवण विकून ३ कोटींचे भांडवल उभे करायला तीन वर्षे फार थोडी आहेत. त्याने मेहुण्याशी बोलून ठेवले आहे. दोघांची दुकाने एका कंपनीत घालायची, गावाकडची जमीन विकायची आणि मालक म्हणून एकानेच राहायचे. मेहुण्याची मुले जपानी शाळेत पुढच्या वर्गात आहेत, म्हणून मालक तो. याने जुन्या मालकांकडून दहा वर्षांच्या अनुभवाचे दाखले मागवले आहेत. आचाऱ्याच्या परवान्यासाठी ते लागतील.