डाव्या आंगठ्याचा ठसा

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वर्गांतील एक विद्यार्थी सलग आठ दिवस शाळेंत आला नाहीं. चौकशी करितां कळलें कीं, त्याच्या वडिलांचा उजवा हात डाळीच्या गिरणींत सांपडला. आम्ही त्यांच्या घरीं गेलों, आणि त्या गृहस्थांस पाहतांच आमच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "तुमचें लक्ष कोठें होतें?"

त्या प्रश्नाची लाज आम्हांस अजून वाटते.

नागपूर संत्र्यांसाठीं प्रसिद्ध असलें, तरी येथें डाळीच्या गिरण्याही पुष्कळ आहेत. तेथें विजेच्या बळावर कप्प्या फिरतात व त्यांवरून पट्टे धांवतात. पट्टा कप्पीला जेथें भिडतो, ती जागा सर्वांत घातक. तेथें बाहीचें टोंक शिरलें कीं मागोमाग हात जातो. तो मागें ओढावयास पापणी लवण्याइतकाही अवकाश मिळत नाहीं. म्हणूनच त्या जागीं संरक्षक जाळी असावी, असा नियम आहे. या गिरणींत ती साफसफाईसाठीं काढिली होती, ती परत बसविलीच नव्हती. यंत्र थांबविलें तर काम खोळंबतें, म्हणून अडकलेले दाणे चालत्या यंत्रांतूनच काढण्याची तेथें वहिवाट. त्या दिवशीं आंगठा आणि तर्जनी गेली.

चार दिवसांनीं मालकाचा माणूस थोडी रक्कम आणि एक कागद घेऊन आला. अपघात माझ्याच चुकीनें झाला, यापुढें माझें कांहीं मागणें नाहीं, असा त्यांतील मजकूर. गृहस्थ लिहितां-वाचतां येणारे. पण सही करणारा हातच बांधलेला! तेव्हां डाव्या आंगठ्याचा ठसा घेण्यांत आला. हें सर्व आम्ही ऐकत असतां मुलगा दाराशीं उभा होता. शाळा सोडून वडिलांच्या जागीं कामास लागावयाचें त्यानें मनाशीं ठरविलें होतें.

आम्हीं वकिली करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्यास विचारिलें. त्यानें सांगितलेलें प्रत्येक पालकानें ध्यानांत ठेवावें. कामावर असतां, कामामुळें इजा झाल्यास भरपाई मिळण्याचा हक्क १९२३ च्या कायद्यानें दिला. क्षणभर लक्ष चुकलें, एवढ्यानें तो हक्क जात नाहीं. आंगठा गेल्यास कमाईची शक्ति शेंकडा ३० आणि तर्जनी गेल्यास शेंकडा १४ घटली, असें त्या कायद्याच्या परिशिष्टांत धरिलें आहे. आणि हक्क सोडून दिल्याचा कागद, त्यावर सही असो वा ठसा, कायद्यापुढें रद्दबातल होय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेंत सामावला गेला. हक्क मात्र कायम आहे. ज्याचा राज्य विमा उतरविलेला असेल, त्यास विम्याकडून लाभ मिळतो.

ही कांहीं परक्या मुलखांतील कल्पना नव्हे. जमशेटजी टाटा यांनीं १८७७ मध्यें याच नागपुरांत सुरू केलेल्या एम्प्रेस मिलनें १८९५ मध्यें, म्हणजे कायद्याच्या २८ वर्षें आधीं, अपघातांत सांपडलेल्या कामगारांस भरपाई देण्यास आरंभ केला. ती गिरणी आज बंद आहे. तिनें घालून दिलेला धडा बंद पडूं नये.

आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीं रीतसर अर्ज केला आहे. निकाल लागावयाचा आहे. गेलेलीं बोटें कोणताही निकाल परत देणार नाहीं. परंतु ज्या दिवशीं तो कागद रद्दबातल असल्याचें त्यांस समजलें, त्याच्या दुसऱ्या दिवशीं मुलगा दप्तर घेऊन शाळेंत हजर झाला. ते स्वतः आतां डाव्या हातानें सही गिरवीत आहेत.

जखमी वाटसरूस पाहून बाजूनें निघून जाणाऱ्यांची आणि थांबणाऱ्या शोमरोन्याची गोष्ट प्रार्थनेच्या वेळीं आम्हीच सांगत असतों. त्या शोमरोन्यानें जखमी मनुष्यास, 'तुझें लक्ष कोठें होतें?' असें विचारिलें नाहीं. मुलांनो, तुमचे वडील, काका, भाऊ यंत्रावर काम करीत असतील, तर आज घरीं गेल्यावर त्यांस एवढेंच विचारा, "यंत्राला जाळी आहे ना?" आम्हीं विचारावयास हवा होता, तो प्रश्न हाच.