थांब म्हणणारा रेणू

भाताच्या खाचरात पाणी तुंबलं, मुळांचा श्वास कोंडू लागला, की त्या मुळांमध्ये एक इवलासा रेणू वाढू लागतो. त्याचं नाव गॅबा. १९४९ साली तो बटाट्याच्या कंदात सापडला आणि पुढच्याच वर्षी युजीन रॉबर्ट्स यांना उंदराच्या मेंदूत. अंधारात पोसणाऱ्या कंदात आणि विचारांनी लखलखणाऱ्या मेंदूत द्रव्य एकच. निसर्गाला एकदा जे साधलं ते तो टाकून देत नाही.

मेंदूत गॅबाचं काम आवर घालण्याचं. चेतापेशी एकमेकींना सारख्या चेतवत असतात. हा त्यांना ‘थांब’ म्हणतो. नवल असं, की गर्भातल्या कोवळ्या मेंदूत हाच रेणू पेशींना चेतवतो. त्या पेशींच्या पोटात क्लोराइड जास्त असतं, म्हणून तीच हाक उलटी लागू पडते. पेशी वयात येतात, क्लोराइड बाहेर काढायला शिकतात, आणि कालपर्यंत ‘चल’ वाटणारा शब्द ‘थांब’ होतो. रेणू तोच; ऐकणारा बदलतो.

हाक देऊन झाली की गॅबाला मोडावं लागतं. दोन विकरं हे काम करतात. त्यांच्या हातून गेलेला गॅबा पेशीच्या ऊर्जाचक्रात मिसळतो. थांबवणाराही अखेर इंधन होऊन जातो. पण फार थोड्या मुलांना आई आणि वडील दोघांकडूनही एकच बिघडलेलं जनुक मिळतं आणि दुसरं विकर, सक्सिनिक सेमिअल्डिहाइड डीहायड्रोजिनेज, कामच करत नाही. १९८१ मध्ये हा आजार प्रथम नोंदला गेला. गॅबा साचत जातो. त्याच वाटेवरचं गॅमा हायड्रॉक्सिब्युटिरिक आम्ल लघवीत उतरतं. मूल उशिरा चालतं, अंग सैल राहतं, तोल जातो, बोलणं अडतं. सुमारे निम्म्या रुग्णांना फिट्सही येतात.

आवरणारं द्रव्य इतकं उदंड, मग फिट का यावी? घरात दिवसभर ओरडणाऱ्याचं हळूहळू कुणी ऐकेनासं होतं, तसं इथे होतं. गॅबाच्या अखंड माऱ्यानं पेशी त्याची हाक टिपणारी ग्राहकं कमी करतात. मेंदू आपला तोल सावरू पाहतो, आणि त्या सावरण्यातच लगाम सुटतो.

हा लगाम मोजता येतो. १९८५ मध्ये शेफील्डला अँथनी बार्कर यांनी कवटीबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन मेंदू चेतवून दाखवला. तारेचं वेटोळं डोक्यावर, हात हलवणाऱ्या मेंदूच्या केंद्रापाशी धरतात, कानांत बोळे घालतात. सुई नाही, चीर नाही. ‘टक्’ असा आवाज होतो आणि हाताचा स्नायू हलकेच फुरफुरतो. त्वचेवर चिकटवलेली चकती ते टिपून घेते. मग एकामागून एक असे दोन स्पंद देतात, मध्ये सेकंदाच्या साधारण दहाव्या भागाचं अंतर. निरोगी मेंदूत पहिला स्पंद गॅबाला जागं करतो, म्हणून दुसऱ्याला मिळणारा प्रतिसाद दबतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात या आजाराच्या रुग्णांमध्ये तो दबलाच नाही. ‘थांब’ उच्चारला गेला होता, मानला गेला नव्हता.

उमलणाऱ्या कळीचे, फेसाळत्या धबधब्याचे गोडवे आपण गातो. त्या उमलण्याला वेळेवर अडवणारं आणि काम सरताच त्या अडवणाऱ्यालाही विरघळवून टाकणारं जे काही आहे, तेही तितकंच वंदनीय. या मुलांसाठी उद्या नवं औषध आलं, तर त्याचा गुण येतो आहे का, हे विचारायचं कुणाला? शब्द नसलेलं मूल ते सांगू शकणार नाही. त्याच्या हाताचा स्नायू मात्र सांगू शकेल.