अब्बांचा ट्रॅक्टर

२०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यात जनावरांना चारा मिळेना. अब्बांचे तीस वर्षांचे दोस्त, ज्यांना आम्ही काका म्हणायचो, त्यांनी दावणीची बैलजोडी विकली. दुसऱ्या दिवशी ते अब्बांच्या गॅरेजात येऊन बसले. चहा झाला तरी बोलेनात. शेवटी म्हणाले, "मिस्त्री, बैलं गेली. आता पाऊस पडला तरी पेरायचं कशानं?"

अब्बांनी उत्तर दिलं नाही. गॅरेजमागे एक डिझेल जीप कित्येक वर्षं पडून होती. तिच्याकडे बघत राहिले.

आम्ही तेव्हा बी.एड. करत होतो. सुटीच्या दिवशी पाने-हातोडी हातात देणं हे आमचं काम. अब्बांनी जीपची चासी कापून आखूड केली. भंगारातून ट्रकचा मागचा धुरा आणला. जीपच्या गिअरबॉक्समागे टेम्पोचा दुसरा गिअरबॉक्स जोडला. हे दोन गिअरबॉक्स कशाला, असं आम्ही विचारलं. उर्दू चौथी शिकलेल्या अब्बांनी फरशीवर खडूनं दाखवलं. पहिल्यात इंजिनाचे तीन फेरे म्हणजे एक, दुसऱ्यात चारचा एक. दोन्ही मिळून बारा फेऱ्यांचा एक. "रफ्तार कम, कुव्वत ज्यादा. बस." बी.एड.च्या वर्गात इतका सोपा पाठ आम्ही कुणाचा ऐकला नव्हता.

पुढे आम्ही वाचून त्यांना सांगितलं, की अमेरिकेत १९३० च्या मंदीत शेतकरी जुन्या फोर्ड गाड्यांचे असेच ट्रॅक्टर करायचे. स्वीडनमध्ये महायुद्धाच्या काळात असल्या गाड्यांना स्वस्त मालाच्या एका दुकानाचं नाव पडलं, 'ईपीए'. आपल्याकडे गुजरातेत अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानींनी १९९४ साली बुलेट मोटारसायकलला औत जोडलं. अब्बा हसले. "याने गरीब का दिमाग सब जगह एक जैसा चलता."

त्याच मे महिन्यात, २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं 'जुगाड' हेही मोटार वाहनच, त्यालाही कायदा लागू, असं सांगितलं. पेपर आम्हीच वाचून दाखवला. अब्बा गंभीर झाले. "बराबर है. ये खेत का है, सडक का नहीं."

पहिल्या पावसानंतर नांगराला जोडून बघितलं. फाळ दगडात अडकला आणि पुढची चाकं जमीन सोडून वर उठली. अब्बांनी क्लच दाबला म्हणून चाकं खाली आली. नाहीतर ट्रॅक्टर मागे उलटून त्यांच्याच अंगावर आला असता. ते बराच वेळ सीटवरून उतरले नाहीत. मग त्यांनी पुढच्या बाजूला लोखंडी वजन बसवलं आणि काकांना बजावलं, "फक्त वखर, कुळव, पेरणी. नांगर नाही. ट्रॉली नाही."

दोन हंगाम सुखाचे गेले. तिसऱ्या वर्षी काकांना कापूस बाजारात न्यायचा होता. ट्रॉलीसाठी हूक लावून द्या म्हणाले. अब्बांनी नकार दिला.

"ट्रॅक्टर माझ्या पैशाचा आहे, मिस्त्री."

"पैसा तुमचा. हात माझे."

काकांनी हूक दुसरीकडून लावून घेतला. दोघांचं बोलणं बंद झालं. आम्हालाही वाटलं, अब्बा जास्तच ताणतात. एक हूक तर आहे.

महिन्याभरात उतारावर भरल्या ट्रॉलीनं ट्रॅक्टरला ढकललं. ब्रेकला ते वजन आवरलं नाही. सगळं नाल्यात गेलं. कापसावर बसलेल्या एका वेचणारणीचा हात मोडला. अब्बा दवाखान्याच्या ओट्यावर रात्रभर बसून होते. त्यांचा काय दोष, असं आम्ही म्हटलं. ते एवढंच बोलले, "ब्रेक तो हमनेच बिठाए थे." औषधपाण्याचा निम्मा खर्च त्यांनी दिला. निम्मा काकांनी.

आठवड्यानं काका स्वतः ट्रॅक्टर घेऊन गॅरेजात आले. "कापा," म्हणाले. अब्बांनी हूक कापला. मग दोघांनी चहा घेतला.

अब्बा २०१९ मध्ये गेले. जनाज्याला खांदा देणाऱ्यांत काका पुढे होते. आता गावात भाड्यानं मोठे ट्रॅक्टर मिळतात. अब्बांचा ट्रॅक्टर काकांच्या गोठ्यात उभा आहे. काका तो भंगारात घालत नाहीत.

दरवर्षी गिअरचा धडा आला की आम्ही आमच्या शाळेची मुलं तिथं घेऊन जातो. "सर, कितनी भागती?" हा त्यांचा पहिला सवाल. आम्ही त्यांना आधी मागच्या बाजूला नेतो आणि हूक कापल्याची खूण दाखवतो. गिअरबॉक्स त्यानंतर.