काळोखाशेजारचा हिरवा

बोईसरच्या कुठल्याही रंगाच्या दुकानात शेड कार्ड मागा. पहिली पानं हाताळून हाताळून मळलेली असतात, शेवटची कोरी करकरीत. गिऱ्हाईक मलई, हस्तिदंती, फार तर फिकट पिस्त्यापर्यंत जातं आणि परत फिरतं. त्या शेवटच्या पानांवर एक हिरवा असतो. ट्यूबलाइटखाली तो काळाच वाटतो. उन्हात नेला तर चिकूच्या जून पानासारखा दिसतो. आम्ही तो हॉलच्या एका भिंतीला लावला.

लोक बोलले, बोलणारच. ‘कोठडी करताय का हॉलची?’ हा एक सूर. दुसरा दवाखान्याचा. सरकारी दवाखाने, शाळा, पोलीस चौक्या यांच्या भिंतींना कमरेएवढ्या उंचीपर्यंत हिरवा ऑइलपेंट देण्याची जुनी पद्धत आहे, त्यामुळे भिंतीवर हिरवा म्हटलं की अनेकांना आयोडीनचा वास येतो. एका परिचितांनी आडून आडून रंगाचा धर्म काढला. त्यांना लग्नातल्या हिरव्या चुड्याची आठवण करून दिली, चहा घेऊन ते गेले.

रंगाऱ्याची तक्रार मात्र ऐकण्यासारखी होती. ‘डार्क शेडला पैसे जास्त आणि हातही जास्त,’ तो म्हणाला. यामागचं कारण उलटं वाटतं. रंगात खालची भिंत झाकायचं मुख्य काम पांढरी पूड करते, टायटॅनियम डायऑक्साइड. फिकट रंगात ती भरपूर असते. गडद रंगासाठी दुकानदार जो बेस घेतो त्यात ती जवळपास नसतेच, नाहीतर रंग दुधाळ होईल. म्हणून पहिला हात दिल्यावर भिंत डागाळलेली दिसते आणि घरातल्या माणसांचा धीर सुटतो. आमच्या रंगाऱ्याने आधी राखाडी प्रायमर मारला, मग दोन हातांत भागलं. पुट्टी घासताना तो फार वेळ लावत होता तेव्हा मी कंटाळलो होतो. पण गडद रंग भिंतीचा एकही उंचवटा माफ करत नाही, हे त्याला माहीत होतं. मॅट असेल तर नुसता हात फिरला तरी तिथे चकाकी येते. लहान मुलांच्या घरात याचा विचार करावा.

आणि हा हिरवा येतो कुठून? पानातून नक्कीच नाही, तरी पानाच्या नात्यातला आहे. आजच्या बहुतेक गडद हिरव्या रंगांत थॅलोसायनिन ग्रीन असतो. हरितद्रव्याच्या रेणूत एक कडं असतं आणि मधोमध मॅग्नेशियम. थॅलोसायनिनच्या रेणूतही तसंच कडं, मधोमध तांबं. मुळात हा पदार्थ निळा. कडेच्या हायड्रोजनच्या जागी क्लोरीन बसवत गेलं की हिरवा होतो. पान पिवळं पडतं, हा पडत नाही. त्याआधीचे हिरवे जास्त भयंकर होते. 1775 साली शेले या रसायनशास्त्रज्ञाने काढलेल्या हिरव्यात आर्सेनिक होतं, आणि एकोणिसाव्या शतकातल्या युरोपने तो हौसेने घराघरांतल्या वॉलपेपरवर चढवला.

आपला हिरवा तितका विषारी नाही, पण त्याच्या जन्माची गोष्ट इथल्या माणसाने अगदीच विसरावी असंही नाही. तारापूर एमआयडीसीत रसायनं, औषधं, रंगांसाठी लागणारी द्रव्यं तयार होतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत तारापूर सर्वांत वर होतं. इथलं सांडपाणी नवापूरच्या समुद्राकडे जातं, आणि मासेमारी करणाऱ्या मांगेला समाजाच्या संघटनेला त्यासाठी हरित लवादाचं दार ठोठवावं लागलं. माझ्या डब्यातला रंग कुठल्या कारखान्यातून आला, ते डब्यावर लिहिलेलं नव्हतं. भिंत हिरवी करून आपण निसर्ग घरात आणला, असं म्हणायला म्हणूनच जीभ रेटत नाही.

मग लावला कशाला? कारण गडद भिंत या मुलखाला परकी नाही. पांढरंशुभ्र घर हीच इथली अलीकडची गोष्ट, सिमेंट आणि ट्यूबलाइटबरोबर आलेली. डहाणू-विक्रमगडकडचं जुनं वारली घर आठवा. कारवीच्या कुडाला माती आणि शेणाचा लेप, खिडकी नसल्यात जमा, उजेड येणार तो दारातून. ताजं सारवण ओलं असतं तेव्हा चक्क गडद हिरवं दिसतं. वाळलं की हिरवट तपकिरी होतं. लग्नात याच काळोख्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मध्ये पालघट देवी. ती पांढरी रेघ उठते ती मागच्या गडदपणामुळे. गंजाडचे जिव्या सोमा मशे हे चित्र भिंतीवरून कागदा-कापडावर घेऊन जगभर गेले, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यांनीही पांढऱ्यामागची शेणा-मातीची पार्श्वभूमी सोडली नाही. चुन्याच्या भिंतीवर तोच चौक काढून पाहा, निम्मा जीव जातो.

आमच्या भिंतीने तेच केलं. तिच्यापुढे पितळी समई, पांढरा कप, बाळाचं झबलं, जे येईल ते उठून दिसतं. ट्यूब तिला सोसत नाही. कोपऱ्यात पिवळा दिवा लावला की ती मागे सरते आणि लहानसा हॉल खोल वाटू लागतो. अंधाराने खोली लहान होते हे आपण ऐकत आलो. भिंत संपते कुठे हेच कळेनासं झालं तर खोली मोठीच वाटते. श्रावणातल्या दुपारी वादळाने तारा तुटतात आणि लाइट जाते. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र 1969 पासून इथून हाकेच्या अंतरावर आहे, पण तारा तुटल्या तर त्याचा काय इलाज! तेव्हा बाहेर सुरू, आंबा, भाताची खाचरं सगळं इतकं हिरवं असतं की डोळ्यांना पुरे होतं. आतली भिंत मात्र तेव्हा हिरवी राहतच नाही, नुसती थंड होते. मला ती तेव्हाच सर्वांत आवडते.

पूर्ण घर असं रंगवावं का? माझ्या मते नाही. स्वयंपाकघरात तर मुळीच नको, फोडणीचा प्रत्येक शिंतोडा दिसेल. आणि केळवे-माहीमपासून चिंचणीपर्यंत कुठेही राहत असाल तर एवढं पाळा: पश्चिमेची आणि दक्षिणेची बाहेरची भिंत सोडा. पावसाची झोड तिथेच बसते, आत ओल येते, आणि गडद रंगावर खाराचे पांढरे चट्टे फुलतात. दोन खोल्यांमधली कोरडी भिंत निवडा, आणि ऑक्टोबरचं ऊन तिला नीट सुकवेपर्यंत रंगाऱ्याला बोलावू नका.